समोरची भिंत कुणाची?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला 'छोटं घर आणि बाईची जागा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी आकडे सांगणार आहे, थोडा कायदाही सांगणार आहे. पण त्याआधी इथे टेबलावर ठेवलेल्या लाकडी पेटीबद्दल बोलते, कारण चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "हा सूचनाफलक आहे का?" एकीला ते देव्हाऱ्याचं दार वाटलं. हे टीव्हीचं दार आहे. दोन्ही झडपा मिटल्या की समोर गोधडीचं काम दिसतं, उघडल्या की टीव्ही. आमच्या वस्तीतल्या बायकांनी ते स्वतः करवत चालवून बनवलं आहे. सामानाचा खर्च आला ८८० रुपये.

आता तुम्ही म्हणाल, पाण्याचे, रेशनचे, मारहाणीचे प्रश्न सोडून बायकांची संघटना टीव्ही झाकायच्या मागे कशाला लागली? हा प्रश्न रास्त आहे. आमच्या बैठकीतही तो निघाला होता. त्याचं उत्तर द्यायला मला जरा मागे जावं लागेल.

आमच्या वस्तीतली घरं एका खोलीची. काही जणी पुनर्वसनाच्या इमारतीत गेल्या, त्यांचं घर २२५, २६९ किंवा नव्या नियमाप्रमाणे ३०० चौरस फुटांचं. एका बैठकीत आम्ही जमिनीवर खडूने घराचे नकाशे काढले. प्रत्येकीने आपलं घर काढायचं, आणि संध्याकाळी ७ ते १० या वेळात कोण कुठे बसतं ते दाखवायचं. नकाशे निरनिराळे होते, पण एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांत सारखी आली. घरातली सर्वांत मोठी, सलग आणि उजेडाची भिंत टीव्हीकडे होती. तिच्या समोर कॉट किंवा दिवाण. त्यावर नवरा, सासरे, मुलगे. मुली खाली चटईवर. आणि ओट्यापाशी बाई, टीव्हीकडे पाठ करून. ती सीरियल 'ऐकते'. एका मावशींनी सांगितलं, "मला त्या नटीचा आवाज माहीत आहे, तोंड नीट पाहिलं ते पोस्टरवर."

हे केवळ आमच्या वस्तीचं चित्र नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब घेतला. २०१९ मध्ये बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदल्याचं घरकाम करत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांची २८९ मिनिटं झाली, पुरुषांची ८८. यातही एक मेख आहे. ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे. जे पुरुष इकडची काडी तिकडे करत नाहीत ते या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत. म्हणजे जवळजवळ पाच तास बाई ज्या कोपऱ्यात उभी असते, त्या कोपऱ्याकडे घराची पाठ असते. भिंतीचा प्रश्न आम्हाला इथे दिसला.

टीव्ही आपल्या घरात कसा आला हेही आठवून पाहा. दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं १९५९ मध्ये, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. बरीच वर्षं तो चाळीत एखाद्याच घरी असायचा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आला, मग १९८४ मध्ये 'हम लोग', १९८७ मध्ये 'रामायण'. इथे बसलेल्या वयाने मोठ्या बायकांना आठवत असेल, त्या काळचे कितीतरी टीव्ही लाकडी पेटीत यायचे आणि पेटीला सरकती दारं असायची. काही दारांना कुलूपसुद्धा होतं. म्हणजे टीव्ही झाकायची कल्पना काही नवी नाही. नवी गोष्ट एवढीच की तेव्हा दार कारखान्यातून लागून यायचं आणि किल्ली घरच्या कर्त्याकडे असायची. पुढे १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, कार्यक्रम चोवीस तास झाले, पेट्या गेल्या. आता टीव्ही पातळ होऊन भिंतीलाच टेकला. बंद असला तरी तो काळा चौकोन समोर असतोच, आणि हात आपोआप रिमोटकडे जातो.

टीव्ही आपला शत्रू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. स्त्री-चळवळीने त्याच्यावर टीका केली आणि ती बरोबरच होती. १९८० च्या दशकात दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला गेला, त्याच्या अहवालातही बाईचं चित्रण कसं होतं यावर ताशेरे आहेत. पुढे सासू-सुनांच्या मालिका आल्या, त्यांतली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० पासून २००८ पर्यंत चालली. त्यावर आपण किती बोललो आहोत! पण याच पडद्यावर १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' आली आणि गॅसवाल्याशी भांडायला बायकांना बळ मिळालं. कविता चौधरींच्या 'उडान'मध्ये पोलीस अधिकारी झालेली मुलगी दिसली. आणि अगदी साधी गोष्ट म्हणजे, दुपारी भांडी आवरल्यावर पाय पसरून अर्धा तास सीरियल पाहणं ही कितीतरी बायकांची दिवसातली एकमेव विश्रांती असते. ती काढून घ्यायला आपण कोण?

म्हणून आमच्या बैठकीत पहिलं ठरलं ते असं, की टीव्ही वाईट आहे म्हणून तो झाकायचा नाही. तो केव्हा उघडायचा आणि केव्हा मिटायचा हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि तो मिटलेला असताना त्या भिंतीवर घरातल्या बाईचं काहीतरी असावं, एवढ्यासाठी.

ही कल्पना माझी नाही. आमच्या गटातली एक ताई एका मोठ्या सोसायटीत घरकामाला जाते. तिथल्या दिवाणखान्यात भिंतीवर भलंमोठं चित्र आहे, आणि ते बाजूला सरकलं की मागे टीव्ही. ती ते चित्र रोज पुसते. बैठकीत ती म्हणाली, "त्यांच्याकडे पाच खोल्या, तरी टीव्ही डोळ्यांसमोर नको म्हणून एवढा खर्च. माझ्याकडे एकच खोली, मुलगी दहावीला, मी रात्री फॉल-पिको करते, आणि तो डबा सारखा समोर. खरी गरज कुणाला आहे?" दुसऱ्या दिवशी तिने पुसता पुसता ते चित्र वितीने मोजलं, रूळ कसा आहे ते पाहिलं, आणि गटाला येऊन सांगितलं. एका सुताराकडे चौकशी केली. त्याने सांगितलेला आकडा आमच्यापैकी कुणालाच झेपणारा नव्हता. तेव्हा ठरलं, आपणच करून पाहायचं.

आता ते कसं करायचं हे सविस्तर सांगते. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या.

आधी माप. '३२ इंची टीव्ही' म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ३२ इंच, रुंदी नव्हे. ३२ इंची टीव्हीची रुंदी साधारण २९ इंच आणि उंची १७ इंच भरते. पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून आपला टीव्ही टेपने मोजायचा. भिंतीपासून तो किती पुढे येतो तेही मोजायचं. भिंतीवरच्या पट्टीसकट हे ५ इंचांच्या आसपास येतं.

मग पेटी. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, खाली ३ इंच आणि वर ४ इंच मोकळी जागा सोडायची. म्हणजे आपल्या उदाहरणात पेटी आतून ३३ इंच रुंद, २४ इंच उंच आणि ६ इंच खोल झाली. पेटीच्या फक्त दोन बाजू प्लायवूडच्या, २४ बाय ६ इंचांच्या. वरची आणि खालची बाजू बंद करायची नाही. तिथे पुढे एक आणि मागे एक अशा नुसत्या पट्ट्या मारायच्या. टीव्ही तापतो. खालून थंड हवा आत यावी आणि वरून गरम हवा बाहेर जावी यासाठी ही वाट मोकळी लागते. दिसायला बरं दिसावं म्हणून वरून फळी ठोकायचा मोह होईल, तो आवरायचा. फळी आली की तिच्यावर देव येतात, देवांपुढे अगरबत्ती आणि दिवा येतो. लाकूड, कापड आणि वीज एकत्र असलेल्या ठिकाणी ज्योत नको म्हणजे नको.

दारांसाठी दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड पाइनच्या पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक दार साडेसोळा इंच रुंद, २४ इंच उंच. चौकट करून मधे एक आडवी पट्टी द्यायची, म्हणजे दार पिळवटत नाही. चौकट जोडली की दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर गोंद वाळायच्या आत दाबून सरळ करायची. दोन दारांच्या मधे एक सूतभर फट ठेवायची, पावसाळ्यात लाकूड फुगलं की दारं अडत नाहीत. दारांची आणि पेटीची मिळून पट्टी २७ फूट लागते, कापण्यात वाया जाते म्हणून ३० फूट आणायची. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतं, तेही चालतं. फक्त तेलकट किंवा उग्र वासाचं लाकूड घ्यायचं नाही, आणि सगळे जुने खिळे उपटून काढल्याशिवाय करवत लावायची नाही.

चौकटीवर मांजरपाट ताणून मागच्या बाजूने छोट्या चुका मारायच्या. आधी वरची बाजू, मग खालची, मग दोन्ही कडा, आणि प्रत्येक बाजूला मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं, म्हणजे कापडाला झोळ येत नाही. या मांजरपाटावर आपलं काम लावायचं ते टिचबटणांनी. शिवून टाकलं तर धुता येणार नाही, आणि ओट्याशेजारी असलेल्या भिंतीवर फोडणीचा धूर बसतोच. गोधडीचा तुकडा दोन थरांचाच हवा. जाड वाकळ लावली तर दार जड होतं आणि बिजागऱ्या खाली बसतात.

प्रत्येक दाराला दोन बिजागऱ्या, मिटण्यासाठी मॅग्नेट कॅच. कडी-कोयंडा लावायचा नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर सांगेन.

पूर्ण उघडल्यावर दार शेजारच्या भिंतीला टेकतं, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसोळा इंच मोकळी भिंत लागते. एका बाजूला लोखंडी कपाट असेल तर ती जागा मिळत नाही. अशा वेळी दोनऐवजी चार अरुंद झडपा करून त्या दोन-दोन जोडाव्या लागतात, घडीच्या दारासारख्या. मग सव्वाआठ इंच पुरतात. सरकतं चित्र आम्ही सोडून दिलं, कारण टीव्हीएवढीच रिकामी भिंत शेजारी लागते आणि ती आपल्या घरात नसते. वर उचलायचं झाकणही नको, खाली मुलं खेळत असतात.

पेटी भिंतीला लावताना भिंत कसली आहे ते पाहा. विटेच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी बसवायची आणि लोखंडी कोनांनी पेटी स्क्रूने आवळायची. पत्र्याच्या किंवा प्लायच्या भिंतीवर वजन टाकायचं नाही, तिथे पेटी टेबलावर किंवा मांडणीवर उभी करायची. भाड्याच्या खोलीत मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तिथेही हाच उपाय. सेट-टॉप बॉक्स पेटीच्या बाहेर, खाली ठेवायचा, कारण रिमोटचा किरण लाकडातून जात नाही. वायरला पेटीच्या आत जोड द्यायचा नाही. भिंतीवरचं बटण हाताशी हवं. टीव्ही चालू असताना दारं पूर्ण उघडीच हवीत, आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मिटायची. ज्यांच्याकडे अजून जुना मागे फुगीर असलेला टीव्ही आहे, त्यांनी ही पेटी करू नये. तो फार तापतो. त्यांनी समोरून सुती पडदा लावावा आणि टीव्ही लावताना तो पूर्ण बाजूला करावा.

आमचा हिशेब असा झाला: पट्ट्या ४५० रुपये, प्लायचे दोन तुकडे ८०, बिजागऱ्या ८०, मॅग्नेट ५०, स्क्रू, चुका आणि गोंद ९०, मांजरपाट ७०, लोखंडी कोन ६०. एकूण ८८०. तुमच्या गावात भाव वेगळे असतील. ड्रिल मशीन एकीच्या भावाकडून आणलं. आणि वहीत आम्ही आणखी एक रकाना ठेवला. सहा बायका, दोन रविवार, तीन-तीन तास, म्हणजे ३६ तास. या तासांचे पैसे कुणी दिले नाहीत, पण ते लिहिलेले आहेत. बायकांचं काम फुकट धरायचं नाही असं आपण जगाला सांगतो, तर आपल्या वहीत तरी ते दिसलं पाहिजे. हात बसल्यावर आता एक पेटी दोघी मिळून दहा तासांत करतात.

ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांच्यासाठी सर्वांत साधा प्रकार म्हणजे दोन हुक, पडद्याची एक स्प्रिंग आणि त्यावर सरकणारा गोधडीचा पातळ तुकडा. तेवढ्यानेही काम भागतं.

आता त्या दारावर काय लावायचं, याविषयी. पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या, बाजारातून गणपतीचं किंवा धबधब्याचं पोस्टर आणू. मी विचारलं, तुमच्या ट्रंकेत काय आहे? मग एकेक निघायला लागलं. आईच्या लुगड्यांची गोधडी. बाळंतपणात शिवलेलं दुपटं. लग्नाआधी भरलेली उशीची खोळ. एकीने कागदावर काढलेल्या रांगोळ्यांची अख्खी वही. गोधडी आपल्याकडे पांघरतात, पाहत नाहीत. धावदोऱ्याच्या रांगा कशा आत आत जातात, कुठलं काठाचं कापड मुद्दाम मधे घेतलं आहे, हे नीट दिसलं ते ती भिंतीवर उभी लावल्यावर. एका आजींच्या गोधडीसमोर त्यांचा मुलगा थांबला आणि म्हणाला, "हे लाल माझ्या शाळेच्या टायचं आहे ना?" वीस वर्षं तो ती पांघरत होता.

या ठिकाणी मला वारली चित्रांची गोष्ट सांगावीशी वाटते. पालघर-डहाणू भागात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहितात, आणि तो लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, शहरात गेली, परदेशात गेली. जिव्या सोमा मशे हे त्यातलं मोठं नाव, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. पण ज्या बाया पिढ्यान् पिढ्या भिंती लिहीत आल्या त्यांच्यातल्या कितीजणींची नावं आपण सांगू शकतो? भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं, आणि नाव जोडलं गेलं ते काम भिंतीवरून उतरल्यावर. म्हणून आमच्याकडे नियम आहे: दाराच्या खालच्या कोपऱ्यात करणारीचं नाव आणि साल दोऱ्याने भरायचंच. नवऱ्याचं नाव, आडनाव ज्याचं त्याने ठरवावं. तिचं स्वतःचं नाव हवंच. काही जणींनी पंचवीस-तीस वर्षांत आपलं नाव फक्त रेशनकार्डावर आणि मतदारयादीत पाहिलं होतं.

आता कडी-कोयंड्याची गोष्ट. एका घरात पेटी बसल्यावर नवऱ्याने तिला कोयंडा ठोकला आणि कुलूप घातलं. स्वतः कामाला जाताना किल्ली खिशात. म्हणाला, "तुम्हीच सांगता ना, टीव्ही कमी बघा." बाई दिवसभर घरात शिलाई करते, तिचा दुपारचा अर्धा तास गेला. घरात भांडण झालं, त्याने हात उचलला. आम्ही चौघी त्या घरी गेलो. तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. तो टीव्ही तिच्या माहेरच्यांनी लग्नात दिला होता.

इथे कायदा माहीत असणं उपयोगी पडतं. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला मिळालेल्या भेटवस्तू हे तिचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून नवरा त्याचा भागीदार होत नाही. पुढे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आला, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात आर्थिक छळ ही हिंसाच मानली आहे, आणि घरातल्या ज्या वस्तू व सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे त्या वापरायला मनाई करणंही त्यात येतं. तिला तक्रार करायची नव्हती. तो तिचा निर्णय, तो आम्ही मानला. पण संरक्षण अधिकारी कोण, अर्ज कुठे द्यायचा, हे आम्ही त्याच्यासमोर बसून तिला समजावून सांगितलं. कोयंडा निघाला. हात उचलणं थांबलं का, हे पाहायला आमच्यातली एकजण अजूनही त्या घरी जाते. चौकटीने मारहाण थांबत नाही, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे.

तेव्हापासून पेटी करण्याआधी आम्ही घरातल्या सगळ्यांना बसवून एक कागद लिहून घेतो. मुलांच्या अभ्यासाची वेळ कोणती, त्या वेळी दारं मिटलेली. बातम्या, क्रिकेट, सीरियल यांच्या वेळा कोणत्या. बाईची स्वतःची वेळ कोणती, आणि त्या वेळात चहा कोण करणार! हा शेवटचा मुद्दा आला की पुरुष हसतात. हसू द्यावं, पण लिहून घ्यावं.

सगळीकडे हे जमलं असं नाही. दहा-बारा घरांत पेट्या बसल्या, त्यांतल्या दोन घरांनी महिन्याभरात दारं काढून टाकली. एका घरी आजारी सासरे दिवसभर टीव्ही बघतात, तिथे दार मिटण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचं बरोबर आहे. अलीकडे मुलं म्हणतात, टीव्ही झाकून काय उपयोग, हातात मोबाइल आहेच. तेही खरं. पण मोबाइल ज्याच्या त्याच्या हातात असतो, भिंत सगळ्यांची असते. जी ताई चित्र मोजून आली होती, तिच्या मुलीने परीक्षेच्या आधीचे तीन महिने मिटलेल्या दारासमोर अभ्यास केला. तिला किती टक्के मिळाले हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण टक्क्यांवरून लगेच दाराला यश किंवा अपयश चिकटवलं जाईल. ती म्हणाली ते सांगते: "घरात पहिल्यांदा कुणीतरी हळू बोललं."

आता तुम्ही आपापल्या गावी जाल. मापाचा कागद टेबलावर ठेवला आहे, प्रत्येकीने एक घ्या. पण लाकूड आणण्याआधी आपल्या बैठकीत खडूचा नकाशा काढून बघा. कुणाच्या घरात कोण कुठे बसतं, आणि टीव्हीकडे कुणाची पाठ असते, हे बायकांनाच काढू द्या. काही ठिकाणी असं निघेल की दारापेक्षा ओट्याची दिशा बदलायला हवी, किंवा ओट्यावरचा माणूस बदलायला हवा. तसं निघालं तर पेटीचा विचार बाजूला ठेवा आणि त्यावर काम करा. आणि ज्या गटांना पेटी करायची असेल त्यांनी आम्हाला कळवा. आमच्यातल्या दोघी करवत आणि गुण्या घेऊन येतील. त्यांचा एस.टी.चा खर्च आणि दिवसाची मजुरी मात्र तुमच्या गटाने द्यायची आहे.